आंब्याच्या हंगामातील जुनी व्हॅन आणि एंजिनातील तेलाचे उष्णतामान

आंब्याचा हंगाम आणि कोकणातील कडक उन्हाळा हे दोन्ही एकाच वेळी येतात. एप्रिल व मे या महिन्यांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील हापूसच्या पेट्या आंबा घाट, फोंडा घाट यांसारख्या वाटांनी कोल्हापूर, सांगली येथील बाजारपेठांकडे चढू लागतात. देशावरील भाजीपाल्याची गाडी मुंबईकडे भरलेली उतरते आणि बहुधा हलकी होऊन वर येते. आंब्याच्या गाडीचे याच्या उलट आहे. ती भरलेली असतानाच घाट चढते आणि तेही वर्षातील सर्वांत तापलेल्या दिवसांत. एंजिनावर पडणारा ताण म्हणूनच या दोन गाड्यांत फार वेगळा असतो.

बागायतदार फळ चौदा आणे तयार झाले म्हणजे काढतो. पेटीतील गवतात ते पुढे पिकावयाचे असते, परंतु ते बाजारात पोहोचल्यावर पिकावे अशी अपेक्षा असते. गाडी घाटात चार-सहा तास बंद पडून राहिली तर बंदिस्त व्हॅनच्या तापलेल्या पत्र्याखाली फळ घाईने मऊ पडू लागते आणि सौद्याची वेळही टळते. एंजिन कायमचे जखडले तर त्या हंगामाच्या मिळकतीतील मोठा हिस्सा दुरुस्तीत जातो. असे प्रसंग दैवाने ओढवतात असे मानले जाते. प्रत्यक्षात त्यांपैकी पुष्कळांची पूर्वसूचना तेलाच्या उष्णतामानाने आधीच दिलेली असते. ती पाहिली मात्र जात नाही.

ग्रामीण भागात मालवाहतुकीस वापरल्या जाणाऱ्या जुन्या डिझेल व्हॅनला सरसकट मॅटॅडोर म्हणण्याचा प्रघात आहे. या नावाची मूळ गाडी बजाज टेम्पो कंपनी बनवीत असे. तिचे उत्पादन बंद होऊन पुष्कळ वर्षे लोटली आणि २००५ साली कंपनीचे नावही फोर्स मोटर्स असे झाले. तथापि त्या घडणीच्या जुन्या गाड्या अद्याप कोठे कोठे राबताना दिसतात. अशा गाड्यांत एंजिन चालकाच्या आसनाशेजारी झाकणाखाली बसविलेले असते. जागा अरुंद, वारा येण्याजाण्याची वाट वाकडी आणि वय झालेले एंजिन, अशा तिन्ही अडचणी तेथे एकत्र येतात. पुढील विवेचन मुख्यतः अशा गाड्यांसाठी आहे. तथापि पाण्याने थंड होणाऱ्या कोणत्याही जुन्या एंजिनास ते थोड्याफार फरकाने लागू पडेल.

तेल करते काय

वंगण तेलाचे काम केवळ घर्षण कमी करण्याचे आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. एंजिनातील पाणी सिलिंडरच्या भिंती व हेड यांच्याभोवती खेळते; परंतु दट्ट्याचा तळ, क्रँकचा दांडा आणि त्याची बेअरिंगे येथपर्यंत पाणी पोहोचत नाही. तेथील उष्णता तेलच वाहून आणते. तापलेले तेल खाली ज्या पात्रात गळते त्यास कारागीर चेंबर म्हणतात. गाडी चालत असता चेंबरच्या पत्र्यास खालून वारा लागतो आणि तेल काही अंशी निवते. पुष्कळ जुन्या एंजिनांत तेल थंड करण्याची एवढीच सोय असते.

चालकासमोरच्या फलकावरील काटा पाण्याचे उष्णतामान दाखवितो, तेलाचे नव्हे, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. पाणी लवकर तापते आणि लवकर निवते. तेल सावकाश तापते व तितक्याच सावकाश निवते. घाट चढताना पाण्याचा काटा थोडा वर जाऊन माथ्यावर पूर्ववत होतो आणि चालक निश्चिंत होतो. त्याच क्षणी तेल मात्र सर्वाधिक तापलेले असू शकते. काटा मध्यावर असतानाही बेअरिंगे जळालेली आढळतात, त्याची कारणे शोधताना हा फरक विसरून चालत नाही.

चेंबरमधील तेलाचे उष्णतामान साधारणपणे ९० ते ११० अंश सेल्सिअस असावे. चढावर काही वेळ ते १२० पर्यंत गेल्यास काळजीचे कारण नाही. १३० च्या पुढे मात्र गाडीला विसावा दिलाच पाहिजे. आज सर्वत्र मिळणारे १५ डब्ल्यू ४० जातीचे तेल १०० अंशांस जितके दाट असते त्याच्या जवळजवळ निम्मे ते १३० अंशांस उरते. दांडा आणि बेअरिंग यांमधील तेलाचा पडदा त्या मानाने पातळ होतो. त्याशिवाय उष्णतेने तेलाचे स्वतःचेच भस्म होऊ लागते. उष्णतामान दर १० अंशांनी वाढले की हवेतील प्राणवायूशी तेलाचा होणारा संयोग सुमारे दुप्पट वेगाने होतो, असा ठोकळ नियम आहे. म्हणजे ११० ऐवजी १३० अंशांवर राबणारे तेल चौपट वेगाने म्हातारे होते. ते काळे, चिकट व आंबूस होते, रिंगांच्या खाचांत त्याचा कोळसा बसतो आणि पुढे तेल जळून धूर येऊ लागतो.

तेल जितके थंड तितके बरे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ते सदैव ८० अंशांखाली राहिले तर ज्वलनातून खाली उतरलेले पाणी व इंधनाचा अंश उडून जात नाही आणि चेंबरमध्ये चिखलासारखा गाळ साचतो. गाव ते बाजार अशी चार किलोमीटरची फेरी करणाऱ्या गाडीत हाच दोष अधिक आढळतो.

घाटात उष्णता येते कोठून

मालासह ३ टन भरणारी गाडी ५०० मीटर उंच चढते असे धरू. केवळ एवढे वजन एवढे उंच उचलण्यास लागणारे काम सुमारे ४ किलोवॉट-तास होते. जुने डिझेल एंजिन इंधनातील शक्तीपैकी पाव ते तीस टक्केच चाकापर्यंत पोहोचविते. या हिशेबाने चढणीसाठी सपाटीवरील खर्चाहून सुमारे दीड लिटर डिझेल जास्त जळते आणि त्यातील सत्तर टक्क्यांहून अधिक शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. धुराड्यातून जाईल तेवढी जाते. उरलेली पाणी व तेल यांनाच वाहावी लागते. हे सर्व वीसपंचवीस मिनिटांत घडते आणि नेमक्या त्याच वेळी गाडीचा वेग तासाला २० किलोमीटरच्या आसपास असल्याने समोरून येणारा वारा नाममात्र असतो. सपाटीवर वारा पुष्कळ आणि उष्णता थोडी, घाटात उष्णता पुष्कळ आणि वारा थोडा, असा हा विषम व्यवहार आहे.

बाहेरच्या हवेचा परिणाम याहून सरळ आहे. दुपारची हवा पहाटेपेक्षा १० अंशांनी तापलेली असली तर तेलही जवळजवळ तितकेच अधिक तापते. पेट्या सायंकाळी भरून गाडी रात्री घाट चढवावी, असा जुन्या वाहतूकदारांचा रिवाज आहे. फळाच्या दृष्टीने तो हितकर आहेच, पण एंजिनासाठीही याहून स्वस्त उपाय नाही.

आधी मोजावे

तेल तापते असा केवळ संशय घेऊन खर्च करणे शहाणपणाचे नाही. तेलाचे उष्णतामान दाखविणारा स्वतंत्र काटा बसविता येतो. त्याचा संवेदक चेंबरच्या तळाच्या बोल्टमध्ये किंवा तेलदाबाच्या वाटेवर बसतो आणि जाणता कारागीर हे काम अर्ध्या दिवसात करतो. ते शक्य नसेल तर दुरून उष्णतामान मोजणारे पिस्तुलासारखे उपकरण वापरावे. २०२० च्या साथीत ग्रामपंचायतींनी घेतलेली कपाळाचा ताप मोजणारी उपकरणे मात्र येथे निरुपयोगी आहेत. त्यांचे मोजमाप माणसाच्या तापापुरतेच असते. यंत्रांसाठी असलेले, २०० अंशांहून अधिक मोजणारे उपकरण हवे. चकचकीत धातूवर त्याचे मोजमाप खरे येत नाही. म्हणून चेंबरच्या बाजूस तळहाताएवढी जागा घासून तेथे काळा रंग लावून ठेवावा आणि दरवेळी त्याच जागी मोजावे. आतील तेल पत्र्याहून काही अंशांनी अधिक तापलेले असते, हेही हिशेबात घ्यावे.

मोजण्याची जागा घाटाचा माथा ही होय. गाडी रस्ता सोडून सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढून चाकास दगड लावावेत आणि दोन मिनिटांच्या आत आकडा घ्यावा. गाडीखाली शिरण्याची गरज नाही. बाजूने वाकून मोजता येते. हवेचे उष्णतामान, भार आणि तेलाचा आकडा या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवल्या तर पुढे केलेल्या प्रत्येक दुरुस्तीचा गुण आला की नाही हे कळते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी एक वही प्रत्येक वाहतूकदाराकडून ठेववून घेतल्यास उत्तम.

उपकरण नसतानाही काही खुणा सावध करतात. माथ्यावर एंजिन मंद चालत असता तेलदाबाचा लाल दिवा मिणमिणला आणि सकाळी थंड एंजिनावर तो तसा होत नसला, तर तेल फार पातळ झाले आहे किंवा बेअरिंगे झिजली आहेत असे समजावे. बहुधा दोन्ही खरे असते.

वाऱ्याची वाट

तेल तापत असल्याची तक्रार घेऊन आलेल्या जुन्या गाडीत प्रथम तेलाकडे न पाहता वाऱ्याकडे पाहावे. रेडिएटरच्या बारीक पत्र्यांत जांभ्याची तांबडी धूळ, गवताचे कुसळ व किडे यांचा थर बसलेला असतो आणि तो समोरून दिसत नाही. थंड एंजिनावर, पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेस, कमी दाबाच्या पाण्याने तो धुवावा. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्रे आडवे पडतात आणि धुण्याने उपकाराऐवजी अपकार होतो. पंख्याभोवतीचे कडे फुटलेले किंवा काढून टाकलेले असल्यास पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी आसपासचीच तापलेली हवा घुसळीत बसतो. रेडिएटरच्या कडांना असलेल्या रबरी पट्ट्या गळून गेल्या असतील तर वारा त्या फटींतून निघून जातो. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्या फटी बुजविता येतात आणि या कामास पैसा लागत नाही.

पुढच्या जाळीवर बांधलेले फलक, जादा दिवे, भोंगे व झेंडे गाडीची शोभा वाढवीत असतील. रेडिएटरचा श्वास मात्र कोंडतात. आसनाशेजारील झाकणातून उष्णता वर येऊ नये म्हणून चालक एंजिनाच्या बाजूंनी गोणपाट कोंबतात. पाय भाजू नयेत ही त्यांची इच्छा रास्त आहे, परंतु एंजिनामागून तापलेला वारा बाहेर पडण्याची वाट त्यामुळे बंद होते. उष्णतारोधक अस्तर झाकणाच्या आतल्या अंगास चिकटवावे; वाटेत काही कोंबू नये.

चेंबरच्या बाहेरच्या अंगावर गळक्या तेलाने धरलेला धुळीचा थर बोटभर जाडीचा झालेला पुष्कळ ठिकाणी आढळतो. हे तापलेल्या माणसावर घोंगडी पांघरल्यासारखे आहे. खरवडून, रॉकेल किंवा डिझेल लावलेल्या कुंच्याने थंड एंजिनावर तो साफ करावा आणि गळतीचे गॅस्केट बदलावे.

पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. दोन चाकांच्या मधोमध तो सुमारे एक बोट दबावा. याहून सैल असल्यास तो चढावर घसरतो आणि पंखा व पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खोड

तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकणे हा रस्त्याकडेच्या कारागिरांचा आवडता उपाय आहे. तो बहुतांशी अपायकारक आहे. पुष्कळ एंजिनांत थर्मोस्टॅट दुहेरी काम करतो. पाणी तापले की तो रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी पाण्यास परत एंजिनात नेणारी आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी राहते आणि पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न शिवताच परत फिरतो. असे एंजिन सकाळी सावकाश तापते आणि घाटात मात्र पूर्वीहून अधिक तापते. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर त्याच अंशांचा नवा बसवावा. तो उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दोऱ्याने टांगून, उघडतो की नाही हे घरीही पाहता येते.

विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे घातल्याने आत क्षाराचा थर धरतो. तो उष्णतेस अडवितो व पाणी आणि तेल दोघांनाही तापवितो. शीतक द्रव व शुद्ध पाणी यांचे मिश्रण, डब्यावर दिलेल्या प्रमाणात, वापरावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील पाणी १०० अंशांहून अधिक तापलेले असते आणि ते तोंडावर उसळते. तापलेल्या एंजिनावर ओढ्याचे पाणी ओतणे हाही तितकाच घातक प्रकार आहे. त्याने हेडला तडा जातो.

तेलाची निवड आणि मोजमाप

गाडी तापते म्हणून अधिक दाट तेल घालावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. दाट तेलाने दाबाचा काटा वर येतो, हे खरे. परंतु तेवढ्याने ताप उतरला असे होत नाही. दाट तेल घुसळण्यास जास्त शक्ती लागते व ती उष्णता होऊन तेलातच राहते. शिवाय सकाळी ते वरच्या भागापर्यंत उशिरा पोहोचते. एंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेला दाटपणाच ठेवावा. सर्वसाधारणपणे १५ डब्ल्यू ४० पुरेसे होते. डबा नामांकित आणि सीलबंद असावा. सुटे तेल स्वस्त पडते असे वाटते, पण ते वापरून साफ केलेले जुने तेल नाही याची खात्री कोण देणार?

पातळी सपाट जागेवर, एंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहावी. ती कमी असल्यास तेच थोडे तेल वारंवार तापलेल्या भागांतून फिरते व त्यास निवण्यास उसंत मिळत नाही. वरच्या खुणेच्याही वर भरणे हे त्याहून चांगले नाही. क्रँक तेलात बुडून ते घुसळते, फेस होतो आणि तेल निष्कारण तापते. हंगामात पातळी रोज पाहावी. हंगामापूर्वी तेल व गाळणी बदलावी आणि घाटाच्या फेऱ्या पुष्कळ झाल्या असतील तर पुस्तिकेतील किलोमीटर भरण्याची वाट न पाहता हंगाम संपताच पुन्हा बदलावी. काढलेले काळे तेल गुरांच्या जखमांना लावू नये, विहिरीजवळ ओतू नये. त्यात कातडीस व पाण्यास घातक द्रव्ये असतात. ते बंद डब्यात साठवून मान्यताप्राप्त संकलकाकडे द्यावे.

भार, चाके, पंप

नोंदणीपत्रातील वजनमर्यादेपलीकडे पेट्या चढविल्या तर वरील सर्व उपाय फुकट जातात. चाकांतील हवा कमी असणे आणि ब्रेक चाकाला घासत राहणे यांनीही भार वाढतो. फेरीनंतर चारही चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांहून फार तापलेले असले तर त्याचा ब्रेक चिकटतो आहे. चढावर ओढ वाढावी म्हणून डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून घेणारे चालक आहेत. त्याने काळा धूर वाढतो, दट्टे अधिक तापतात आणि काजळी तेलात उतरते. ओढ वाढल्यासारखी वाटते, किंमत मात्र एंजिन देते.

चढ कसा चढावा

वरच्या गिअरमध्ये एंजिन घरघरेपर्यंत ओढीत नेणे आणि मग नाइलाजाने खालचा गिअर टाकणे ही पद्धत सोडावी. एंजिन मंदावले की पंखा, पाण्याचा पंप व तेलाचा पंप हे तिन्ही त्याबरोबर मंदावतात. उष्णता मात्र तेवढीच राहते. वळण येण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून एंजिन मोकळेपणी फिरू द्यावे आणि एक्सलरेटर तळापर्यंत दाबू नये. वेग थोडा कमी पडेल. दहा किलोमीटरच्या घाटात त्याने पाच मिनिटांचा उशीर होतो.

तेल १३० च्या पुढे गेल्यास गाडी थांबवावी, पण एंजिन तत्काळ बंद करू नये. दोन-तीन मिनिटे ते मंदगतीपेक्षा किंचित वेगाने रिकामे चालू ठेवावे, म्हणजे दट्ट्यांची उष्णता पाणी व तेल हळूहळू काढून घेतात. मात्र तेलदाबाचा दिवा लागला असेल तर हा नियम लागू नाही. तेव्हा एंजिन त्याच क्षणी बंद करावे. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी एंजिन बंद करून गाडी सोडणे धोक्याचे आहे. ब्रेकची शक्ती जाते.

तेलाचा वेगळा रेडिएटर

इतके सर्व करूनही वहीतील आकडे १२५ च्या वरच राहिले तर तेलासाठी लहान रेडिएटर बसविण्याचा विचार करावा, त्याआधी नव्हे. ज्या एंजिनात पाण्याने तेल थंड करण्याची सोय कारखान्यातूनच आहे तेथे प्रथम तीच साफ करून घ्यावी. वेगळा रेडिएटर गाळणीच्या बैठकीतून जोडला जातो. या जोडात उष्णतामानाने उघडणारी झडप असणे आवश्यक आहे, नाहीतर पावसाळ्यात व थंडीत तेल नको तितके गार राहील. तो मुख्य रेडिएटरच्या पुढे बसविल्यास त्याचा वारा अडतो. बाजूस, मोकळा वारा लागेल व दगड उडून लागणार नाही अशा जागी बसवावा. नळ्या तेलाच्या दाबासाठी व उष्णतेसाठी बनविलेल्याच हव्यात. पाण्याच्या नळ्या वापरून केलेली काटकसर घाटातच फुटते, चेंबर काही क्षणांत रिकामे होते आणि तापलेल्या धुराड्यावर तेल पडल्यास आगही लागते. नळ्या धुराड्यापासून दूर, पत्र्यास घासणार नाहीत अशा बांधाव्यात. जोडणीनंतर एंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे, तेलाची पातळी पुन्हा पाहावी आणि नव्या रेडिएटरने जितके तेल घेतले तितके वर भरावे. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर सर्व सांधे कोरड्या फडक्याने पुसून, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच फडक्याने पुसून पाहावेत.